नववी टक

"चहा घेऊन या ना, काका," मायक्रोस्कोपला डोळे लावूनच डॉ. सुनेत्रा म्हणाल्या. गायधनीकाका टेबलासमोरून हलले नाहीत. वीस वर्षं या लॅबच्या स्लाइड बनवणाऱ्या काकांनी आजचीही स्वतःच बनवली होती. स्वतःच्याच आतड्यातल्या गाठीची.

गाठीच्या कडेवरून सुटलेला पेशींचा पुंजका दिसला, की सुनेत्राबाई हातातल्या काउंटरचं बटण दाबत. टक. दहा झाले, की आजार पसरण्याचा धोका मोठा, हे काकांना पाठ होतं.

सात. आठ. नऊ. तिथे सुनेत्राबाईंचा अंगठा थबकला. पुंजके मात्र संपेनात. मान वर करावी, तर काका समोरच.

"बटण थांबलं, मॅडम," काका हळूच म्हणाले, "पण तुमचे ओठ अजून मोजताहेत."