हलव्याचा मुकुट

हर्षलने कॅमेऱ्यावरची ओळ पुन्हा वाचून दाखवली. "कनेक्शन एरर."

"तू वाचून दाखवल्याने जोडला जाणार आहे का तो?" मृणाल म्हणाली. तिने मांडीवरच्या तेजूचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि समोर एक बोर धरलं. तेजूने बोराकडे न बघता आईचा हातच ढकलला.

"किती वेळा करशील गं ते? पोर वैतागलीय," सासूबाई म्हणाल्या.

बोरन्हाणाच्या गडबडीत कॅमेरा फरशीवर आपटला होता. स्क्रीनला तडे, कार्डाचं झाकण अडकलेलं, केबलची जागा वाकलेली. वायफाय तेवढं शाबूत. कॅमेऱ्याचं ॲप नव्या मोबाइलवर उघडतच नव्हतं. राहिला लॅपटॉप, आणि त्यावर हर्षलने विंडोज काढून मोठ्या हौसेने लिनक्स टाकलेलं.

स्क्रीनवरच्या फोटोत, तड्यांमागे, तेजूच्या डाव्या डोळ्यात पांढरं काहीतरी दिसत होतं. वापीच्या डोळ्यांच्या डॉक्टर फोनवर म्हणाल्या होत्या, "मूळ फोटो पाठवा. एकाच डोळ्यात पांढरं असेल तर उद्यावर ढकलू नका, आजच घेऊन या."

"डोक्यावर हलव्याचा मुकुट होता तिच्या," हर्षल कीबोर्ड बडवत म्हणाला. "फ्लॅश पडला की साखर चमकते. मी सांगतोय ना."

"आधी फोटो दाखव, मग सांग."

"कॅमेरा विंडोज मागतोय. एकाने नेटवर लिहिलंय की..."

"त्या एकाला मूल आहे का?" ती पुढे वाकली. "हे फायरवॉल काय आहे? चालू दिसतंय."

"ते असू दे. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून लावलंय."

"कॅमेरा घरातलाच आहे, हर्षल. येऊ दे त्याला."

"कंपनीची बस येईल आता. शिफ्ट संपली की शांतपणे बघतो."

"बंद कर ते."

त्याने बंद केलं. कॅमेऱ्यावरचा दिवा हिरवा झाला आणि फोटो एकेक करून लॅपटॉपवर उतरू लागले.

काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर मुकुट. उजवा डोळा फ्लॅशने लाल. डावा पांढरा.

"बघ. मुकुट," हर्षल म्हणाला. त्याला सुटल्यासारखं झालं.

"हलव्याचा दाणाच तो," सासूबाई म्हणाल्या. "मी कधीची सांगतेय."

पुढचा फोटो. मुकुट. त्याच्या पुढचा. मुकुट.  मृणाल शेवटच्या फोटोची वाट बघत होती.

तो सावकाश उतरला. तोवर शेजारच्या मुलांनी मुकुट तोडून खाल्ला होता, हारही खाल्ला होता. तेजूच्या उघड्या केसांत चुरमुरे अडकले होते, मुठीत जवळच्या दुधनी गावातून आणलेलं बोर होतं. अंगावर हलव्याचा एक दाणा नव्हता. ती हसत होती.

उजवा डोळा लाल. डावा पांढरा.

खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. बस निघून गेल्याचा आवाज आला.

मृणालने फोटो डॉक्टरांना पाठवला, तेजूला खांद्यावर घेतलं आणि कपाटातून शाल काढली. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. हर्षलचे हात अजून कीबोर्डवरच होते.

"फायरवॉल परत लावून टाकतो," तो म्हणाला.