पाच फूट सात इंच

“मोजे राहू द्या, काकू,” सुमीत म्हणाला आणि एक पाय दुसऱ्यामागे लपवू लागला.

तो वडनेरला मुलगी बघायला आला होता. मुलीचे वडील महादेवराव यांच्या घरी पाय धुतल्याशिवाय पाहुण्याला आत घेत नसत. त्यांच्या पत्नी आनंदाबाई तांब्या घेऊन उभ्याच होत्या. “घ्या न थोडं पानी, पाव्हणे,” म्हणत त्यांनी मोज्यांसकट पायांवर तांब्या रिकामा केला.

झाली पंचाईत. मोज्यांत टाचांखाली फोमच्या दोन जाड चकत्या होत्या. उंचीवरून आधीच दोन स्थळांनी नकार दिला होता. म्हणून या खेपेला बायोडाटात पाच फूट सात इंच लिहिलं होतं, आणि कमी पडलेला दीड इंच सुमीतने स्वतःच्या कारखान्यातून आणला होता.

मोहिनी पोहे घेऊन वाकूनच आली, वाकूनच बसली. फोटोपेक्षा ती त्याला समोर जास्त आवडली. तो घाबरून टाचा जमिनीवर दाबत राहिला.

“कंपनीत काय बनवता?” महादेवरावांनी विचारलं.

“गाद्यांचा फोम. हल्ली त्यात सोयाबीनचं तेल घालतो.”

महादेवरावांचं बारा एकर सोयाबीन होतं. ते खूश झाले. “म्हंजे लोकं आमच्या सोयाबीनवर झोपून राह्यले! सारं सोयाबीनच असते काय?”

“नाही. शंभरात पंधरा भाग. बाकी खनिज तेलाचंच.” कामाच्या बाबतीत सुमीतला खोटं बोलता येत नसे.

“पानी मुरते त्यात?”

“मुरतं. दाबलं की बाहेर येतं.”

मोहिनीने खाली पाहिलं. सुमीतच्या टाचांभोवती दोन डबकी साचली होती.

मग रीतीप्रमाणे दोघांना बोलायला मागच्या अंगणात पाठवलं. सुमीतच्या प्रत्येक पावलाला पचक-पचक आवाज येत होता.

“एक विचारू?” मोहिनी म्हणाली. “तुमच्या पाच फूट सात इंचात सोयाबीन किती हाये?”

हेही स्थळ गेलं, असं सुमीतला वाटलं. या वेळी त्याला खरोखर वाईट वाटलं.

“दीड इंच,” तो म्हणाला.

“माह्या बाबानं दोन इंच कमी लिहिले. सकाळपासून मले वाकाले लावलं. पाठ दुखून राह्यली आता.”

आणि ती सरळ उभी राहिली. सुमीतला मान वर करावी लागली.

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग पायरीवर बसून मोजे काढले, चकत्या पिळून बाजूला ठेवल्या आणि आत हाक मारली, “काकू, पाय धुवायला पाणी देता?”