हाताआडची वाडी

वाडीत पहिल्यांदाच एसटी आली आणि झाडून सगळी वाडी तिच्यात चढली. "पुढं सरका, पुढं सरका," ओरडून कंडक्टर दमला, तरी निम्मी माणसं उभीच. लग्न होऊन आल्यापासून वेस न ओलांडलेल्या तान्हूबाईला सुनेनं खिडकीशी बसवलं.

घाटाच्या वरच्या वळणावर तिला खाली दरीत मूठभर कौलं, देवळाचा कळस आणि धुराची एक बारीक रेघ दिसली.

"किती गोजिरं गाव. कुणाचं गं?"

"आपलंच की, आत्या. त्यो धूर आपल्याच चुलीचा. विझवायची ऱ्हायली."

तान्हूबाईनं खिडकीसमोर तळहात धरला. वाडी त्यामागं दिसेनाशी झाली. मग मागं वळून ती खचाखच भरलेल्या गाडीकडं बघतच राहिली.

"हाताआड मावती," ती हळूच म्हणाली, "आन् गाडीत मावंना."