नुसते आकडे

"फोल्डरच्या नावात नुसते आकडे होते. कचरा वाटला, म्हणून उडवलं," रक्तपेढीचे व्यवस्थापक चौबळसाहेब म्हणाले.

डेटाबेस सांभाळणाऱ्या वृषालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डेटाबेस आपल्या फोल्डरला नाव देत नाही, नंबर देतो, हे तिने कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. त्या नंबराखाली सगळे रक्तदाते होते.

"बॅकअप असेल ना?"

"त्याचंही फोल्डर आकड्यांचंच होतं. तेही तुम्ही उडवलंत."

साहेबांचं 'अतिमहत्त्वाचे' नावाचं फोल्डर मात्र शाबूत होतं. त्यात त्यांच्या नातवाच्या बारशाचे फोटो होते.

तेवढ्यात फोन वाजला. वृषालीनं उचलला, प्रसूतिगृहातून होता. रक्तस्रावानं बाळंतीण अत्यवस्थ होती, ओ निगेटिव्हचे दाते ताबडतोब हवे होते.

वृषालीनं रिसिव्हर साहेबांच्या हातात कोंबला. "सांगा त्यांना. दाते नाहीत, बारशाचे फोटो आहेत."