हिरवा खडू

"पाचातला एक तारा देला वं तुले," भैय्याजी म्हणाले आणि बायकोला वाचता यावं म्हणून कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीतून उठले.

प्रमिलाबाईंनी चष्मा लावला. घटस्फोटात मूल कोणाकडे द्यावं, याचा अहवाल त्या कोर्टाला लिहून देत. २००९ साली या कामाला बारा वर्षं झाली होती, कोणी बोट दाखवलं नव्हतं. आणि आता लोकांच्या कामाला तारे देणाऱ्या या साइटवर, डॉक्टर नि ट्यूशनवाल्यांच्या रांगेत, कोणीतरी बिननावाचं लिहून मोकळं झालं होतं:

‘या बाईकडे जाऊ नका. गोड बोलते. कोणाले नाई सांगत म्हणते अन् सगळं लिहून देते. खडूच्या डब्यात हिरवा खडू बी नाई.’

"चंदन! दुसरा कोण?" त्या म्हणाल्या.

चंदन हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. मागच्या वर्षी प्रमिलाबाईंच्या अहवालावरून त्याची मुलगी काजल आईकडे, मयुरीकडे गेली. त्याच्या वाट्याला उरला रविवार. आता मयुरीला तोही बंद करून हवा होता आणि कोर्टानं पुन्हा प्रमिलाबाईंचंच मत मागवलं होतं.

"पण खडूचं त्याले कसं समजलं? पोरं चित्रं काढतात तवा तू कोणाले आत येऊ देत नाईस."

"पोरीला खोदून खोदून विचारलं असणार. रविवारचे हेच धंदे!"

"मंग उत्तर देऊन टाक."

"देता येत नाही. खोलीतलं बाहेर बोलायचं नसतं."

"तर कोर्टाले सांग, हे काम दुसऱ्याले द्या म्हणा. राग आला नं तुले."

"मला? माझ्या कामात राग येत नाही हो."

आला होता. तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

नव्या अहवालासाठी बोलावलं तेव्हा चंदननं हात जोडले. "मॅडम, मले कॉम्प्युटर चालू बी करता येत नाई. माहा रविवार नका हिसकू. तेवढ्यावरच जगून राह्यलो मी."

सोंग नुसतं, प्रमिलाबाईंना वाटलं. त्यांनी अहवालात लिहिलं: वडील सूडबुद्धीचे आहेत, भेटीत मुलीची उलटतपासणी घेतात, भेटी थांबवाव्यात. कोर्टानं ऐकलं. चंदनचा रविवार गेला.

पुढच्या आठवड्यात मयुरी काजलला घेऊन बोरगाव मेघेला प्रमिलाबाईंकडे आली. हातात पेढ्यांचा डबा.

"पक्षकारांकडून मी काही घेत नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. नियम म्हणजे नियम. मयुरी ओशाळली आणि डबा स्कूटीत ठेवायला बाहेर गेली.

काजल दाराकडे बघत पुढे आली. अकरा वर्षांची, दोन वेण्या. तिनं दप्तरातून हिरवा खडू काढून टेबलावर ठेवला.

"हा तरी घ्या मॅडम. तुमच्या डब्यात नाई नं." ती भराभर बोलायला लागली. "मले बाबाजवळ राह्यचं हाये, हे मी फक्त तुमालेच सांगतलं होतं. तुमी लिहून देलं. आईनं वाचलं अन् मले लय मारलं. मंग शाळेतल्या कॉम्प्युटरवर मी रागारागात तुमचं वाईट लिहिलं." तिनं दोन्ही कान पकडले. "आजच पुसून टाकीन. मंग रविवारी बाबा येईन नं?"