स्कार्नबीची वटवाघळं

वटवाघळांच्या अभ्यासक डॉक्टर सोरेल व्हेनने चर्चच्या बाकावरचा काळा दाणा चिमटीत धरून दाबला. त्याची भुकटी झाली.

"वटवाघळाचीच लेंडी," ती म्हणाली. "उंदराची अशी चुरत नाही. खडखडीत वाळलेली आहे, भुगा कसा छान झाला बघा."

"छान?" गिल्बर्ट ॲस्क्यूचा आवाज चढला. "तीन उन्हाळे झाले, दिवेलागणीला इथे मान वर करून बसताय. वटवाघळं किती दिसली?"

"एकही नाही."

"मग ह्या काय आभाळातून पडतात?"

सोरेलने छताकडे पाहिलं. तुळयांच्या टोकांना सहाशे वर्षांपूर्वीचे लाकडी देवदूत पंख पसरून होते.

बंद पडलेली चर्चेस विकणं हे ॲस्क्यूचं काम. बिशपच्या कचेरीत त्याच्या नावावर एकोणीस जमा होती; ह्या विसाव्याने मात्र त्याचा जीव मेटाकुटीला आणला होता. इमारत पहिल्या दर्जाची संरक्षित. कमानीचा दगड हलवायचा नाही, देवदूतांना रंग लावायचा नाही. सगळ्या अटी मान्य करून लंडनचं एक जोडपं इथे राहायला यायला तयार होतं. वेदीच्या जागी त्यांचं स्वयंपाकघर होणार होतं. पण कायदा वटवाघळांनाही जपतो. लेंड्या पडताहेत तोवर खिळासुद्धा ठोकता येत नव्हता. शुक्रवारपर्यंत मार्ग निघाला नाही तर जोडपं माघार घेणार होतं, आणि मग चर्च पुन्हा गावाच्या गळ्यात.

"एक उपाय आहे," सोरेल म्हणाली. "मी सगळीकडे चादरी अंथरते. दाराला कुलूप घाला. चार दिवस कुणी आत पाऊल टाकायचं नाही, झाडायलासुद्धा नाही. शुक्रवारी चादरी कोऱ्या निघाल्या, तर इथे वटवाघळं नाहीत असं लिहून देते."

"आधी का नाही सुचलं हे?" असं पुटपुटत ॲस्क्यू किल्ली आणायला निघाला.

किल्ली एकच होती, वीतभर लांब, लोखंडी. ती रस्त्यापलीकडे हेस्टर पिलबीमच्या घरात खिळ्याला टांगलेली असे. प्रार्थना बंद होऊन तीन वर्षं झाली तरी ही सत्तरीची बाई रोज सकाळी चर्च झाडत होती. अख्ख्या स्कार्नबी गावात वटवाघळांच्या बाबतीत ॲस्क्यूच्या बाजूचं असं तेवढं एकच माणूस. विक्रीची नोटीस दाराला लागली त्याच आठवड्यात, वटवाघळांनी उच्छाद मांडलाय, असं तिने बिशपना कळवलं होतं. त्यानंतर आणखी सहा पत्रं.

"या, बसा," ती म्हणाली. "तोंडच सांगतंय. पुन्हा सापडल्या ना?"

"सापडल्या."

"मेल्यांनी माझी कंबर मोडली. झाडून घरी येते, तर दुसऱ्या दिवशी आहेतच." तिने चहा ओतला आणि बिस्किटांचा लाल डबा पुढे केला. त्यात दोनच उरली होती. दोन्ही खाऊन ॲस्क्यूचा हात शेजारच्या निळ्या डब्याकडे गेला.

"त्यातली नकोत हो, मऊ पडलीत." तिने डबा अलगद बाजूला सारला. "मला एक सांगा, देवदूतांना हात लावायचा नाही, पण त्यांच्या नाकाखाली बेकन तळलं तर चालतं?"

"अटींत तसं काही नाही."

"आमचे पाद्री थर्लो उपदेश गाऊन सांगायचे. अर्धं बोलायचे आणि मध्येच सूर लावायचे. कुरकुरत आलेली माणसं गुणगुणत घरी जायची."

"मला चर्चमध्ये झोप येते."

"येणारच. तुम्ही मोजायची टेप घेऊन येता, कान घरी ठेवून."

ॲस्क्यूने विषय तोडला आणि कुलपाचं सांगितलं. किटली तिच्या हातात तशीच राहिली.

"चार दिवस? मीसुद्धा नाही?"

"कुणीच नाही."

"बरं." तिने किटली खाली ठेवली, खिळ्यावरची किल्ली काढली. "एक स्तोत्र म्हणून येते. मग न्या."

नाही म्हणायच्या आत ती रस्ता ओलांडून गेली होती. ॲस्क्यूने घड्याळ पाहिलं. लंडनला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावत होता तेवढ्यात चर्चच्या उघड्या दारातून आवाज आला.

आवाज म्हातारा होता, वरच्या सुरात फाटत होता. पण कमानीखाली गेला की तिथला दगड त्याला उचलून घेत होता, आणि परत येताना तो भरून येत होता, जणू बाकाबाकावर माणसं बसली आहेत. एकोणीस चर्चेसची लांबी-रुंदी ॲस्क्यूला पाठ होती. त्यांतलं एकही त्याने ऐकलं नव्हतं.

फोनमध्ये कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. त्याने तो बंद केला.

स्तोत्र लांबलं. सकाळपासून पोटात त्या दोन बिस्किटांखेरीज काही नव्हतं. मऊ तर मऊ, म्हणून त्याने निळा डबा उघडला.

आत काळे दाणे होते, डबा अर्धा भरेल एवढे. त्यांत चहाचा एक चमचा खोचलेला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी होती, बिशपना आलेल्या सात पत्रांच्याच अक्षरात: लाकडांच्या खोपटातून गोळा केल्या, सोमवार.

त्याने एक दाणा चिमटीत दाबला. भुकटी झाली.

हेस्टर आत आली तेव्हा डोळे पुसत होती. तिने दोन्ही हातांनी किल्ली पुढे धरली, आणि मग तिला टेबलावरचं उघडं झाकण दिसलं. पुढे केलेले हात तसेच राहिले.

ॲस्क्यूने कोट चढवला, बटणं लावली.

"किल्ली राहू द्या तुमच्याकडेच," तो म्हणाला. "आणि झाकण घट्ट लावत जा. ओल धरली तर चुरणार नाहीत."