पंच्याऐंशी

बेसबॉलचा शेवटचा डाव, तीनपैकी दोन गडी बाद, एका धावेची आघाडी. धाकटी पिचर म्हणून चेंडू टाकत होती आणि तिची आई मैदानालगतच्या टेबलाशी मोजणीचं यंत्र मुठीत धरून बसली होती. एक चेंडू, अंगठ्याखाली एक टक. बारा वर्षांखालच्या पिचरला दिवसाला पंच्याऐंशी चेंडू, त्यापुढे एकही नाही. आणि एकदा माउंडवरून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरून, उतरलं की त्या सामन्यात परत चढायचं नाही. पोरांच्या खांद्यांसाठी केलेला नियम. मोठ्यांना तो नेहमी नको त्या वेळी आडवा येतो.

शेजारी थोरली बसली होती. गेल्या वर्षी याच माउंडवरून तिने अंतिम सामना जिंकून दिला होता. आता तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, वेणीसुद्धा आईच घालते. कप तेवढा कपाटावर दिमाखात उभा आहे. त्या सामन्यात अंगठ्याने न दाबता गिळलेले अकरा टक आईला अजून ऐकू येतात, भर दुपारी, कपडे वाळत घालताना.

नवी बॅटर पुढे आली तसे प्रशिक्षक टेबलाशी आले. "वहिनी, किती झाले?"

बदली मुलगी हातमोजा घालून तयार होती. पण तिच्या हाती चेंडू देणं म्हणजे सामना आयता वाढून देणं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आईने आकडा पाहिला. एकोणऐंशी. तिला हायसं वाटलं.

"पंच्याऐंशी," थोरली मैदानावरची नजर न काढता हळूच म्हणाली.

"अगं, इथे तर..."

"सहा वेळा तुझा अंगठा हलला नाही, आई."

आज तिने काहीही ठरवलं नव्हतं, कुणाचीही शपथ घ्यायला ती तयार होती. ठरवलं होतं ते अंगठ्याने.

"तू मोजत होतीस?"

"गेल्या वर्षीही मोजत होते. टाकता टाकता."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू दाबत नव्हतीस. मला वाटलं, तुला हवंय."

"वहिनी?" प्रशिक्षक घाईला आले होते.

आई उठली. "पंच्याऐंशी झाले," ती पंचांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "उतरवा तिला."

धाकटी जागच्या जागी थिजली. मग तरातरा खाली आली. "एकच गडी राहिलाय! आई, तुला कळतं का काही?" तिने डोक्यावरची टोपी ओढली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून वर भिरकावली.

टोपी कुठे पडली ते सगळ्यांनी पाहिलं. थोरली धाकटीच्या उंच गेलेल्या हाताकडे बघत राहिली.